भिंत आमची, ठेकेदार तुमचा

"ठेकेदाराले बोला ना गुरुजी. मी का स्वतः खोदलं?"

मागच्या वर्षी मे महिन्यात, सावनेरला, आमच्या शेजारच्या काकांनी बाबांना हे ऐकवलं. तोपर्यंत आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली होती. पायऱ्या उतरत यावं तशी ती विटांच्या सांध्यांमधून तिरपी खाली येत होती आणि तिच्यात एक रुपयाचं नाणं उभं राहत होतं. भिंतीपलीकडे काकांच्या नव्या घराच्या पायव्यासाठी सात फूट खोल चर होता. आमचा पायवा चार फुटांचा. घर १९९६ सालचं, कॉलम-बीम नसलेलं, विटांच्या भिंतींवर उभं. चर भिंतीला लागूनच खणला होता, त्याला कुठलाही आधार नव्हता आणि तो एकोणीस दिवस उघडा होता. विसाव्या दिवशी वळवाचा पाऊस आला.

बाबा ठेकेदाराकडे गेले. ठेकेदार म्हणाला, "सर, खोदकाम माह्याकडे नव्हतं, ते जेसीबीवाल्याले दिलं होतं." जेसीबीवाला म्हणाला, "मालकानं चुना मारून दिला, तिथं खोदलं. आपल्याले काय माहीत तिकडचा पायवा किती आहे?" आणि चुना मारला कुणी? मिस्त्रीनं. मिस्त्री कुणाचा? ठेकेदाराचा. ठेकेदार कुणाचा? काकांचा. काका काय म्हणतात? ठेकेदाराले बोला.

ही गोल फेरी आपल्याकडे प्रत्येक गल्लीत सुरू आहे. कुणाच्या टाकीचं पाणी मुरतंय, कुणाच्या गच्चीवरची सेंट्रिंगची फळी शेजारच्या टिनांवर पडली आहे, कुणाच्या ड्रिलनं वरच्या फ्लॅटमधल्या टाइल्स उचकटल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी तेच तीन शब्द ऐकू येतात. मला या तीन शब्दांशी भांडायचं आहे. ते उद्धट आहेत, पण माझं भांडण त्यासाठी नाही. ते खोटे आहेत, आणि कायद्याच्या नजरेत ते खोटे ठरून जवळजवळ दीडशे वर्षं झाली आहेत.

पहिली सबब : काम ठेकेदाराचं, जबाबदारीही त्याची

ही सबब पूर्णपणे हवेतली नाही, हे आधी मान्य करतो. कायद्यात एक साधा नियम आहे. नोकराच्या चुकीला मालक जबाबदार असतो, पण स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला सहसा नसतो. तुम्ही रिक्षा केली आणि रिक्षावाल्यानं कुणाला धडक दिली, तर भरपाई तुम्हाला मागत नाहीत. काकांच्या डोक्यात कुठेतरी हाच नियम असतो.

पण नियमाला अपवाद आहेत आणि आपलं प्रकरण नेमकं त्या अपवादात बसतं. त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट कोळशाच्या खाणीची आहे, म्हणजे सावनेरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात जॉन रायलँड्स नावाच्या गिरणीमालकानं आपल्या गिरणीसाठी पाण्याचा तलाव बांधून घेतला. काम जाणत्या अभियंत्याकडे आणि ठेकेदारांकडे दिलं. खोदताना त्यांना जुन्या, बुजवलेल्या खाणीची तोंडं लागली. त्यांनी ती नीट बंद केली नाहीत. डिसेंबर १८६० मध्ये तलावाचं पाणी त्या तोंडांतून खाली उतरलं आणि शेजारच्या थॉमस फ्लेचर यांच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. रायलँड्स यांची स्वतःची काही चूक नव्हती. त्यांना त्या तोंडांची खबरही नव्हती. तरी १८६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सनं, भरपाईची जबाबदारी रायलँड्स यांच्यावरच ठेवली. ज्यानं धोक्याची गोष्ट आपल्या जमिनीवर आणून ठेवली, ती निसटून शेजाऱ्याचं नुकसान झालं तर निस्तरायचं त्यानंच.

तुम्ही म्हणाल, तलाव वेगळा आणि घराचा पायवा वेगळा. बरोबर आहे. साधं घर बांधणं म्हणजे धोकादायक वस्तू साठवणं नव्हे. म्हणून दुसरा खटला सांगतो, १८७६ सालचा. बॉवर विरुद्ध पीट. इथे तलाव नाही, खाण नाही. दोन शेजारी घरं आहेत. एकानं आपलं घर पाडून नवं बांधायला काढलं, पायवा खोल खणला आणि दुसऱ्याच्या भिंतीला तडा गेला. विशेष म्हणजे या मालकानं ठेकेदाराकडून लेखी कबूल करून घेतलं होतं की शेजारच्या भिंतीला आधार देईन आणि नुकसान झालं तर भरून देईन. कोर्ट म्हणालं, हा करार तुमच्या दोघांतला आहे, शेजाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? ज्या कामातून शेजाऱ्याचं नुकसान होणं स्वाभाविक आहे, ते काम करवून घेणाऱ्यानं ते टाळण्याची काळजीही घेतली पाहिजे. काम दुसऱ्याला देता येतं, काळजीची जबाबदारी देता येत नाही. पाच वर्षांनी, १८८१ मध्ये, डाल्टन विरुद्ध अँगस या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनंही तेच धरलं. तिथेही खोदकाम ठेकेदारानंच केलं होतं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे अर्धा कोड दुसऱ्यांनी लिहिलेला असतो, लायब्ररी म्हणून जोडलेला. एखाद्या रात्री पेमेंट अडकलं आणि ग्राहकाला मी सांगितलं, "ती लायब्ररी अमुक माणसानं लिहिली आहे, त्याला बोला," तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी जाईल आणि जायलाच हवी. ती लायब्ररी मी निवडली, मी जोडली, फायदा मी घेतला. ठेकेदारही काकांनी निवडला. तिघांचे भाव आले होते, सगळ्यात कमी भाव याचा होता. वाचलेले पैसे काकांच्या खिशात राहिले आणि भेग आमच्या भिंतीत आली.

हा कायदा विलायती नाही, आपल्या अंगणातला आहे

कुणी म्हणेल, इंग्रजांच्या गोष्टी सावनेरात कशाला? तर एक मजेशीर तपशील ऐका. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ साली आला, तेव्हा तो मुंबई इलाख्याला लागूच नव्हता. तो लागू झाला मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांताला. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. मुंबई-पुण्याला हा कायदा १८९१ मध्ये मिळाला. म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीच्या आधाराचा लेखी कायदा आपल्या भागात पुण्याच्या नऊ वर्षं आधी आला, आणि आपण अजून "पाहून घेऊ" म्हणतोय.

हा कायदा दोन गोष्टी सांगतो. एक, प्रत्येक जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत आजूबाजूच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. तुमच्या प्लॉटमध्ये तुम्ही हवं ते करा, पण माझ्या प्लॉटची माती तुमच्या खड्ड्यात घसरता कामा नये. दोन, जमिनीवर घर उभं असेल आणि त्या घराला शेजारच्या जमिनीचा आधार शांतपणे, खंड न पडता वीस वर्षं मिळत आला असेल, तर त्या आधारावरही हक्क तयार होतो. आमचं घर १९९६ चं. हिशेब तुम्हीच करा. आणि घर वीस वर्षांपेक्षा नवं असलं तरी सगळं संपलं असं नाही. चर निष्काळजीपणे खणला, हा मुद्दा तरीही उभा राहतोच.

मग ठेकेदार सुटला का? नाही. दावा दोघांवरही लावता येतो. काकांनी आमचं भरावं आणि ठेकेदाराकडून वसूल करावं, हा सरळ रस्ता आहे. तो त्यांच्यासाठी सोपाही आहे, कारण ठेकेदाराशी करार त्यांचा आहे आणि त्याचे शेवटचे हप्ते त्यांच्या हातात आहेत. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं आहे, त्यामुळे काका ग्राहक आयोगात जाऊ शकतात. आम्ही नाही जाऊ शकत. आम्ही त्या ठेकेदाराचे ग्राहकच नाही, आम्ही फक्त त्याच्या कामाच्या बाजूला राहतो. म्हणजे ज्याच्या हातात हप्ते आहेत, करार आहे, ग्राहक आयोगाचं दार आहे, तो माणूस ज्याच्या हातात काहीच नाही त्याला सांगतो, ठेकेदाराले बोला.

दुसरी सबब : काळी माती आहे, भेगा तं पडतेच

ठेकेदाराचा हा हुकमाचा पत्ता. तो आमच्या घरात आला, भेगेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, काळी माती आहे. भेगा तं पडतेच. माह्या घरालेही आहे."

काळ्या मातीबद्दल त्याचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडची कापसाची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरंही तिच्याबरोबर वरखाली होतात. म्हणूनच रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी खाली फुगीर कंद असलेले पाइल विकसित केले, आणि म्हणूनच जुने मिस्त्री काळी माती उपसून मुरूम भरल्याशिवाय जोतं घेत नसत.

पण ही सबब ठेकेदाराच्या बाजूनं नाही, त्याच्या विरुद्ध जाते. माती नाजूक आहे हे तुला माहीत होतं. तुझ्या स्वतःच्या घराला भेगा आहेत. मग तू त्याच मातीत, माझ्या पायव्याहून तीन फूट खोल, ऐन मे महिन्यात चर खणलास आणि पावसाच्या तोंडावर उघडा ठेवलास? माहीत नसणं ही एक गोष्ट असते. माहीत असून न करणं यालाच निष्काळजीपणा म्हणतात.

करायचं काय होतं हेही काही गुपित नाही. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३७६४. पाडकामासाठी आयएस ४१३० आहे. आणि मानक न वाचलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीलाही हे ठाऊक असतं : शेजारच्या भिंतीलगत एका दमात लांब चर काढायचा नाही. चार-पाच फुटांचा तुकडा खणायचा, काँक्रीट भरायचं, मग एक तुकडा सोडून पुढचा. काढलेल्या मातीचा ढीग चराच्या काठावर रचायचा नाही. खोल जायचंच असेल तर फळ्या आणि आडवे टेकू लावायचे. चर उघडा ठेवून लग्नाला जायचं नाही. (आमचा ठेकेदार पुतण्याच्या लग्नाला गेला होता. एकोणीस दिवसांतले अकरा दिवस तिकडेच.)

आणि भेग जुनी की नवी, हे ओळखता येतं. जुन्या भेगेत धूळ असते, रंगाचे थर असतात, कोळ्याचं जाळं असतं. नव्या भेगेच्या कडा स्वच्छ आणि धारदार असतात, आतली वीट लाल दिसते. भेग अजून वाढते आहे का, हे पाहायला काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी चिकटवतात आणि तिच्यावर तारीख लिहितात. भिंत हलली की काच तडकते. आमची पहिली काच सहा दिवसांत तडकली. त्यानंतर काळ्या मातीचा विषय ठेकेदारानं काढला नाही.

मग तो पावसाचा विषय काढू लागला. "पाऊस आला त्याले कोण काय करन?" आपल्या शेजारच्याच मध्य प्रदेशात हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, कल्लूलाल विरुद्ध हेमचंद या नावानं. पावसात एक भिंत पडली आणि दोन लहान मुलं गेली. घरमालक म्हणाला, ही देवाची करणी. त्या दिवशी पाऊस झाला होता २.६६ इंच. १९५८ च्या निकालपत्रांत हे प्रकरण छापलेलं आहे. न्यायालय म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस ही काही अघटित गोष्ट नाही, त्याची तयारी ठेवायलाच हवी. वळवाचा पाऊस विदर्भात मे-जूनमध्ये येतो हे कळायला तर हवामान खात्याचीही गरज नाही.

तिसरी सबब : शेजारधर्म

पहिल्या दोन सबबी काकांच्या आणि ठेकेदाराच्या होत्या. तिसरी आमच्याच घरातून आली, आणि ती सगळ्यात अवघड आहे.

"राहू दे," बाबा म्हणाले. "शेजार आहे."

मी फोनवर होतो, चिडलेला होतो. मी कायदा सांगत होतो आणि बाबा ऐकत नव्हते. मग आईनं फोन घेतला आणि शांतपणे म्हणाली, "तू तिकडे आहेस. रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखलं होतं तेव्हा गाडी कोणी काढली?" काकांनी काढली होती. नागपूरपर्यंत काकाच घेऊन गेले आणि मी विमानतळावरून पोचेपर्यंत तेच बसून होते.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. जो मुलगा दुसऱ्या शहरात राहतो त्याला शेजाऱ्याशी भांडण परवडतं, कारण त्याचा शेजारी दुसराच असतो. हे मी मान्य करतो. गावात, तालुक्याच्या ठिकाणी, शेजारी म्हणजे रुग्णवाहिका, बँक, कुरिअर आणि कुलपाची दुसरी किल्ली. ते नातं एका भेगेपायी तोडू नये, हे आईचं म्हणणं बरोबर आहे.

पण मग मी एक प्रश्न विचारतो. शेजारधर्म नेहमी ज्याची भिंत फुटली त्याच्याकडूनच का मागितला जातो? खणण्याआधी एकदा येऊन "गुरुजी, तुमचा पायवा किती खोल आहे?" विचारणं हा शेजारधर्म नव्हता का? भेग दिसल्यावर "मी पाहतो" म्हणणं हा नव्हता का? ज्यानं नुकसान केलं त्याला व्यवहार आणि ज्याचं झालं त्याला धर्म, अशी वाटणी कुणी केली? काकांनी रात्री गाडी काढली ते ऋण आहेच. पण ते ऋण भिंतीच्या किमतीत वळतं करून घ्यायचं नसतं. तसं केलं तर ती मदत राहत नाही, आगाऊ घेतलेला हप्ता होतो. आणि काकांनीही ती मदत तशी केली नव्हती, याची मला खात्री आहे.

गप्प राहून नातं टिकतं, हाही भ्रमच आहे. बाबा गप्प राहिले त्या तीन आठवड्यांत काय झालं? आईनं काकूंकडे विरजण मागणं बंद केलं. काका सकाळी फिरायला दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागले. कुणी भांडलं नव्हतं, तरी बोलणं थांबलं होतं. न बोललेली तक्रार आतल्या आत फुगते, काळ्या मातीसारखीच.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सामाईक भिंतींचा एक कायदा लागू आहे. शेजारच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायव्यापेक्षा खोल खणायचं असेल तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजारी तयार नसेल तर सर्वेक्षक नेमतात. तो आधी भिंतीची स्थिती नोंदवतो, काम कसं करायचं ते ठरवून देतो, आणि त्याचा खर्च सहसा बांधणारा देतो. तिथली माणसं आपल्यापेक्षा सज्जन आहेत म्हणून हे चालत नाही. आठवणीवर आणि भिडेवर काही सोडलेलं नाही म्हणून चालतं. कागद असला की कुणाला कुणाच्या तोंडावर काही बोलावं लागत नाही.

खड्डा मोठा झाला की बातमी होते

आमची भेग कुणाच्या बातमीत येणार नाही. पण तोच चर मोठा करून पाहा. २५ जून २०१८ च्या पहाटे मुंबईत वडाळ्याजवळ लॉइड्स इस्टेट या सोसायटीची आवारभिंत आणि आतला रस्ता शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात कोसळला. उभ्या गाड्या मलब्याखाली गेल्या, लोकांना पावसात घरं सोडावी लागली. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडून १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात इमारतीच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तिथे शेजारी बाजूला नव्हता, वरच्या मजल्यावर होता.

आणि २९ जून २०१९ च्या रात्री पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची आवारभिंत पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. बहुतेक कुटुंबं बिहारमधून आलेली.

कोंढव्याची आठवण मी मुद्दाम काढतो. "ठेकेदाराले बोला" हे वाक्य वरून सुरू होतं आणि खाली उतरत जातं. मालक, ठेकेदार, पेटी ठेकेदार, जेसीबीचा ड्रायव्हर, शेवटी चरात उतरलेला मजूर. आमच्या चरातही दोन पोरं सात फूट खाली उतरून माती काढत होती. वर आधार नसलेली माती, शेजारी हललेली भिंत. ती भिंत पडली असती तर आमची खोली गेली असती आणि त्यांचा जीव गेला असता. माझं भांडण त्यांच्याशी नाही, मिस्त्रीशीही नाही. जबाबदारी वर चढली पाहिजे, जिथे निर्णय झाला आणि पैसे वाचवले गेले तिथपर्यंत. ती खाली घसरत राहिली की ती नेहमी सगळ्यात स्वस्त माणसावर येऊन थांबते.

तक्रार कुठे करायची?

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. ते अर्धं खरं आहे. बांधकामात किंवा पाडकामात माणसाच्या जिवाला धोका होईल अशी हयगय करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण फक्त भिंतीला तडा गेला तर रस्ता दिवाणी कोर्टाचाच. तिथे काम थांबवण्यासाठी मनाई हुकूम मागता येतो, कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागता येते, भरपाई मागता येते. मुदत साधारण तीन वर्षं. वर्षानुवर्षं चालेल ही भीती खरी आहे. म्हणून दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत बसणं बरं. तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते आणि तिच्यावर अपील नसतं.

नकाशा मंजूर करताना समोरचं अंतर पाहतात, मजले पाहतात, चटई क्षेत्र पाहतात. शेजारच्या भिंतीचं काय, हे आमच्या प्रकरणात कुठल्याही टेबलावर कुणी विचारलं नाही. माझी मागणी फार मोठी नाही. त्या फाईलमध्ये दोन पानं वाढवा. पहिल्यावर लगतच्या घरांचे तारीख असलेले फोटो आणि शेजाऱ्याची सही. दुसऱ्यावर मालकाचं हमीपत्र : माझ्या कामामुळे शेजारी नुकसान झालं तर ते मी भरून देईन, ठेकेदार कुणीही असो. मोठं काम असेल तर ठेकेदाराचा विमा, आणि तोही नीट वाचून घेतलेला, कारण अशा विम्यातून हादऱ्यानं किंवा आधार काढल्यानं झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. ते वेगळे पैसे भरून जोडून घ्यावं लागतं.

आणि हे होईपर्यंत तुमच्या हातात फोन आहे. शेजारी चुना पडला की त्याच दिवशी घरभर फिरून व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, प्रत्येक कोपरा, जुन्या भेगासुद्धा. लपवू नका, जुन्या भेगा दाखवल्या की नव्या भेगा सिद्ध होतात. तो व्हिडिओ शेजाऱ्याला व्हॉट्सअपवर पाठवा, गोड शब्दांत : "काका, कामाला शुभेच्छा. आमच्या भिंतीची आजची स्थिती पाठवतोय, दोघांकडे राहू द्या." खोदकाम तुमच्या पायव्याखाली जाताना दिसलं तर बोलण्यावर थांबू नका, पत्र द्या आणि पोच घ्या. पत्र मालकाच्या नावानं लिहा, एक प्रत ठेकेदाराला. उलटं नको.

शेवटी आमचं काय झालं

बाबांनी पत्रावर सही करायला अकरा दिवस घेतले. पत्र साधं होतं, वकिलाची भाषा नव्हती. फोटो, तारखा, तडकलेली काच, आणि नागपूरच्या स्ट्रक्चरल इंजिनियरचा अंदाज : पायव्याखाली टप्प्याटप्प्यानं काँक्रीट भरून भिंत सावरायला एक लाख चाळीस हजार. काका दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, बराच वेळ भेगेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मले वाटलं वरचं प्लास्टरच गेलं." त्यांनी आत येऊन ती भेग तोपर्यंत पाहिलीच नव्हती. ठेकेदारानं सांगितलं ते खरं धरलं होतं.

त्यांनी एक लाख दिले, त्यातले साठ हजार ठेकेदाराच्या हप्त्यातून कापले. चाळीस बाबांनी सोडले. माझ्या मते सोडायला नको होते. बाबांच्या मते ती गाडीची गोष्ट होती. हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे. काका आता पुन्हा जुन्या रस्त्यानं फिरायला जातात. विरजण अजून सुरू झालेलं नाही.

या दिवाळीनंतर आम्ही वर दोन खोल्या चढवतोय. परवा बाबा दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांकडे फोन घेऊन गेले आणि म्हणाले, तुमच्या भिंतीचे फोटो काढू द्या, काम सुरू करायच्या आधी, आणि या कागदावर माझी सही ठेवून घ्या. त्या काकू आधी घाबरल्या. "काहून गुरुजी, आमची भिंत पाडता का?"

"नाही," बाबा म्हणाले. "पडली तर मले बोला. ठेकेदाराले नको."